कमरेला रिव्हॉल्व्हर, पिशवीत वांगी

आमच्या ह्यांना दांडिया बाजारात सगळे तोंडावर सुभानराव म्हणतात आणि पाठीमागे बंदूकवाले काका. ह्यांना वाटायचं, कमरेच्या त्या भानगडीचा कोणाला पत्ताच नाही. कसा नसेल? वैशाखात अख्खं बडोदं घामाने निथळत असताना हा माणूस जाड जाकीट घालून भाजी आणायला निघायचा. जे लपवायचं तेच आधी दिसायचं.

हे रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचे. स्वभाव असा की झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडतील. मग हे खूळ आलं कुठून? दहा वर्षांपूर्वी खंडेराव मार्केटातून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी माझं मंगळसूत्र ओढून नेलं. माझ्या मानेवरचा वळ आठवड्यात गेला. ह्यांच्या मनातला काही जाईना. "मी हातात वांगी धरून बघत उभा राहिलो, उषा," असं वर्षभर म्हणत होते. शेवटी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि ते कमरेला बांधलं.

तेव्हापासून शेजारच्या भास्कररावांशी रोज संध्याकाळी ओटल्यावर वाद. भास्करराव म्हणायचे, तुम्ही बाळगलंत तर उद्या चोरही बाळगेल, आणि त्याचा हात तुमच्यापेक्षा चपळ असणार. हे म्हणायचे, चोर काय परवाना काढून येतो? आणि पोलीस येईपर्यंत माणसाने काय वांगी फेकून मारायची? मला मेलीला दोघांचंही पटायचं. चहा मात्र दोघांना मीच द्यायची, आणि त्यात साखर किती यावर त्यांचं कधी भांडण झालं नाही.

एकदा सूरसागरच्या काठाने आम्ही येत होतो. दोन पोरांनी मोटारसायकल अगदी आमच्यापाशी थांबवली. ह्यांचा हात झटकन जाकिटाखाली! पोरांना मांडवीचा रस्ता हवा होता. ह्यांच्याकडे बघून त्यातला एक कळवळून म्हणाला, "काका, पेटमां दुखे छे?" आणि पाण्याची बाटली पुढे केली. हे गुपचूप दोन घोट प्यायले. मी घरी येईपर्यंत पदर तोंडात कोंबून चालत होते.

हसून सोडून दिलं असतं सगळं. पण आमची लेक अवंती सोडणाऱ्यातली नाही. ती अलकापुरीत नोकरी करते. तिची आभा पहिलीत गेली, शाळा दुपारी सुटते. आता पोर आपल्याकडे राहणार म्हणून मी खाऊचे डबे भरून ठेवले. तर अवंतीने बापाला स्पष्ट सांगितलं, घरात ते आहे तोवर आभा इथे राहणार नाही. हे चिडले. म्हणाले, अगं, तिच्या रक्षणासाठीच तर आहे. ती म्हणाली, बाबा, सहा वर्षांच्या मुलीला कपाटं उघडायला आवडतात. झालं. बाप तसा हट्टी आणि लेक त्याच्या वरताण. आभा पाळणाघरात जाऊ लागली आणि माझ्या डब्यातल्या चकल्या भास्कररावांच्या पोटात. मला इतका राग यायचा, पण कोणावर काढू?

वर्ष असंच गेलं. मग निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. आजवर दर वेळी ह्यांना काहीतरी सूट मिळायची, या वेळी नाही मिळाली. ह्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मीही सोबत गेले.

ठाण्यातल्या हवालदाराने कशाबशा गोळ्या काढल्या, नळी भिंतीकडे धरली आणि चाप ओढून पाहिला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. छे! मग नळी टेबलावर आपटली, तर आतून तांदळाचे चार दाणे आणि कुंकवाचा खडा पडला.

आता सांगायला हवं. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. पूर्वी नुसती एक तलवार असायची. रिव्हॉल्व्हर आल्यावर तेही पाटावर बसलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडू, इथवर ठीक. पण हे पळीने पंचामृत घालायचे. मी म्हणत होते, अहो, लोखंड आहे, गंजेल. तर म्हणे शस्त्र म्हणजे देवी, तिला कोरडी कशी ठेवायची? आठ नवम्यांचं दूध, मध आणि तूप आत जाऊन दगड झालं होतं. ह्यांनी कधी चाप ओढून पाहिलाच नव्हता, वरून फडकं मारून पुन्हा कमरेला.

हवालदार पोट धरून हसला. "काका, आ तो प्रसाद छे," म्हणाला. आणि हेही हसले, मनापासून हसले.

घरी येऊन हे हिंचक्यावर झोके घेत बसले. म्हणाले, बघ, आठ वर्षं मी बिनधास्त फिरलो, आणि कमरेला काय, तर पंचामृत. निवडणूक झाली की कारागिराकडून साफ करून घेतो. ते ऐकलं आणि माझं हसू गेलं. आठ वर्षं जे बोलले नव्हते ते तोंडातून निघालं.

"बिनधास्त तुम्ही फिरलात. तुम्ही चप्पल घालायला वाकलात की माझा श्वास अडकायचा. मला चोरांची भीती एकच दिवस वाटली. तुमच्या कमरेची रोज वाटते."

ह्यांनी विचारलं, आधी का नाही बोललीस? मी म्हटलं, तुमची मान पुन्हा ताठ झाली होती, ती कशी वाकवू?

चहा गार झाला, भास्करराव हाक मारून गेले, तरी हे हिंचक्यावरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा काढावा तशा रेखीव अक्षरात अर्ज लिहिला, की परवाना परत करायचा आहे, हत्यार परत नको. तो देऊन आले आणि अवंतीला फोन लावला.

"ते आता घरात येणार नाही. सोमवारपासून आभाला इकडे सोड."

पलीकडून पोरीने हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटेल ना," हे म्हणाले. "आठ वर्षं तुझी आई घाबरली. आता मी घाबरतो."