ब्रीदरमधलं तेल आणि धुळ्याचे व्याही

मी शाळेत भूगोल शिकवतो. इंजिनातलंही मला कळतं, असं मागच्या हिवाळ्यापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या घरात दोन वस्तूंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. पहिली म्हणजे वंदनाने, माझ्या बायकोने, पोर्चमध्ये हौसेने बसवून घेतलेल्या पांढऱ्या टाइल्स. दुसरी म्हणजे नानांची, माझ्या वडलांची मोटारसायकल. ही गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आलो तो आईच्या मांडीवर, याच गाडीच्या मागच्या सीटवरून. आईला जाऊन सहा वर्षं झाली. नाना रोज सकाळी गाडी पुसतात आणि पुसता पुसता तिच्याशी काहीबाही बोलतात. आम्ही ते ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो.

तर एके दिवशी ही गाडी त्या टाइल्सवर तेल सांडायला लागली.

तेल गळत होतं ते ब्रीदरच्या नळीतून. (माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, मलाही मोबाइलवरचे अकरा व्हिडिओ पाहिल्यावरच कळलं. पिस्टन वरखाली होताना इंजिनाच्या पोटात हवा कोंडते. ती बाहेर जायला एक रबरी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिथून हवा यावी, तेल येऊ नये.) आमच्या नळीतून तेलच येत होतं, आणि रोज थोडं जास्त येत होतं.

"अहो, एक तर ही गाडी राहील नाहीतर टाइल्स राहतील," वंदना म्हणाली. "आणि टाइल्स चिकटवलेल्या आहेत."

मी शकीलभाईंना बोलावलं. नानांच्या गाडीला वीस वर्षं त्यांचाच हात लागलाय. त्यांनी उकिडवं बसून नळीच्या तोंडाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "सर, पहिले हे सांगा, तेल किती टाकता गाडीत?"

"शकीलभाई, प्रश्न तेलाचा नाही. प्रश्न दाबाचा आहे," मी म्हणालो. मग मी त्यांना बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा समजावून सांगितला. खडूने टाइल्सवर नकाशा काढला. शकीलभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "बरं सर. तुमचं झालं की सांगा." आणि निघून गेले.

मी कामाला लागलो. सातव्या व्हिडिओत एक खात्रीची परीक्षा होती. ब्रीदरच्या तोंडाला रबरी हातमोजा बांधायचा आणि गाडी सुरू करायची. मोजा टम्म फुगला तर समजायचं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. मी वंदनाचा भांडी घासायचा पिवळा मोजा घेतला, नळी वर करून सीटला बांधली आणि किक मारली.

मोजा फुगला. पण नुसता फुगून थांबला नाही. पिस्टन वर गेला की तो मागे झुकायचा, खाली आला की पुढे यायचा. पाचही बोटं ताठ. समोरच्या गॅलरीत पाटीलकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांना आमच्या पोर्चमधून कुणीतरी पिवळ्या हाताने "या, या" करताना दिसलं.

"आले गं, आले," म्हणत काकू गेटातून आत आल्या आणि त्याच क्षणी मोजा सुटला. काकूंच्या डोक्यावरून जाऊन तो भिंतीला आपटला आणि तिथून छतापर्यंत तेलाची एक रेघ उमटली.

"बोलावलं कशाला होतं?" काकूंनी विचारलं.

"चहाला," वंदना माझ्याकडे बघत म्हणाली, आणि तिला खरंच चहा टाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी वेगळा विचार केला. तेल नळीतून येतंय ना? मग नळीच बंद करू. घरात भरिताची वांगी आणलेली होती. त्यातल्या एकाचं जाडजूड देठ कापून मी नळीत घट्ट ठोकलं. दहा मिनिटं गाडी चालवली, एक थेंब नाही. मी वंदनाला हाक मारून टाइल्स दाखवल्या. ती वाकून बघतेय तोवर देठ सुटलं आणि सणसणत जाऊन तुळशीच्या कुंडीवर आदळलं. कुंडीचे दोन तुकडे.

नाना आतून म्हणाले, "कोन गोळी झाडली रे?"

मग मात्र मी निकाल दिला. नानांना खुर्चीत बसवलं आणि दहावीच्या मुलाच्या बापाशी बोलतो त्या आवाजात म्हणालो, "नाना, रिंगा गेल्या. इंजिन उघडून उपयोग नाही. पार्ट मिळत नाहीत. आता तिचे थोडेच दिवस."

नाना उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भरीत होतं तरी जेवले नाहीत, यावरून काय ते समजा.

भंगारात द्यायचं नाव काढलं असतं तर म्हाताऱ्याने अंथरूण धरलं असतं. म्हणून मी मोठ्या हुशारीने एक तोडगा काढला. माझी बहीण संगीता धुळ्याला दिलेली आहे. तिच्या सासऱ्यांचा, आबांचा, या गाडीवर पहिल्यापासून डोळा. मी फोन लावला आणि म्हणालो, "आबा, गाडी तुम्हीच ठेवा. घरातल्या घरात राहील." आबांनी तिकडे ओट्यावर जागा रिकामी करायला घेतली.

नानांना मी म्हटलं, तुम्ही एसटीने या. ते म्हणाले, "चाळीस वर्सं तिच्यावर बसलो, आन शेवटच्या दिवशी एसटीनं जाऊ?" मग ते माझ्या मागे बसले. निघताना मी इंजिनातली तेल मोजायची काठी बाहेर काढून तेल पाहिलं, कमी वाटलं, म्हणून पुन्हा भरलं. लेकीच्या सासरी उपाशी कशी पाठवायची? नळीचं तोंड माझ्या उजव्या पायाशी होतं, म्हणून त्या पायाला गुडघ्यापर्यंत खताची पिशवी बांधली.

एरंडोल येईपर्यंत पिशवीतून तेल निथळत होतं. पारोळ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा नुसते थेंब होते. पारोळा सोडल्यावर तेही थांबले. मी हिशोब केला. आता आत तेलच उरलं नाही, इंजिन कुठल्याही क्षणी जाम होणार. एका दुकानासमोर गाडी थांबवून मी तेलाचा डबा घ्यायला उतरलो.

"काही गरज नाही," नाना म्हणाले. "आता ती त्यांची. त्यांचे ते पाजतील." रुसलेल्या माणसाशी कोण बोलणार? तिथून धुळ्यापर्यंत मी बैलगाडीच्या वेगाने गेलो.

धुळ्याला आबांनी गाडीला ओवाळलं, पहिल्याच किकमध्ये सुरू केली आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. अर्धा तास गाडी चालू ठेवली. धूर नाही, खडखड नाही, कागदावर एक थेंब नाही.

"मास्तर, हाई तं एक नंबर शे," आबा खुशीत म्हणाले. "तुमी काय सांगी राहिनात?"

"आबा, ही शेवटची धुगधुगी आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा किक मारली. गाडी पुन्हा गोड आवाजात सुरू झाली. मी पुन्हा रिंगांबद्दल सांगितलं. मी जितकं जीव तोडून सांगत होतो तितका आबांचा चेहरा उतरत होता. शेवटी संगीताने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"दादा, द्यायची नव्हती तर आधी बोलायचं. दिल्यावर असं अभद्र काय बोलतोस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी ठणठणीत होती आणि मी ती देऊन बसलो होतो. आणि लेकीच्या सासरी दिलेली वस्तू कुणी परत मागत नाही. आमच्याकडे तर मागायचा विचार करणाऱ्यालाही लोक नावं ठेवतात. निघताना नानांनी टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. मला माझीच इतकी चीड आली की परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलोसुद्धा नाही.

तीन दिवस नाना पोर्चमध्ये फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी ते एकटेच शकीलभाईंच्या दुकानावर जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी चहा मागितला, वर खारी मागितली, आणि धुळ्याला फोन लावला.

मग ते रोजच फोन करायला लागले. कानावर तुकडे पडायचे. विहीणबाईंना म्हणायचे, "शनिवारी मारुतीले तेल घालता ना? मग दोन पळ्या गाडीलेबी घालत जा. चाळीस वर्सांचा नेम आहे." जावयांना म्हणायचे, "तेल पाहायचं ना, तं गाडी बाजूच्या स्टँडवर तिरपी लावूनच पाहायचं." संगीताला म्हणायचे, "गळलंच कधी तं खाली ताटली ठेव बेटा. वाया नको घालवू, आत ओत." मी वंदनाला म्हटलं, बघ, म्हातारा माणूस गाडीबद्दल बोलून मन रमवतोय बिचारा.

सतराव्या दिवशी आबांचा फोन आला.

"मास्तर, तुमनंच खरं व्हतं. मीच आयकं नही. इनी बठ्ठा ओटा तेलकट करी टाका."

"सगळा ओटा? रिंगा, आबा," मी म्हणालो. हा शब्द उच्चारताना मला जे सुख झालं ते माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मी अर्धा तास बोललो. मोज्याची परीक्षा सांगितली, दाबाचा पट्टा सांगितला. आबा मध्ये मध्ये "हा, हा" म्हणत होते.

"ते बठ्ठं ठीक शे," ते शेवटी म्हणाले. "पन हाई गाडी तुमी ली जा. माले नको."

गाडी टेम्पोतून परत आली. टेम्पो वळणावर दिसला तेव्हा नाना गेटात उभे होते, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून.

शकीलभाई आले. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, खालचा बोल्ट काढला आणि बादली लावली. तेल येत राहिलं. या इंजिनात लिटरभर तेल मावतं. बादलीत जवळजवळ दोन लिटर जमलं.

"रिंगा चांगल्या आहेत, सर," ते म्हणाले. "तेल डबल आहे. जादा झालं की इंजिन ते नळीतून फेकून देतं. मी पहिल्या दिवशी हेच विचारत होतो. कोण टाकतं तेल?"

"मी टाकतो," मी म्हणालो. "दर रविवारी काठी बघून."

"गाडी कशी लावून बघता?"

मी तिरपी लावून दाखवली. शकीलभाईंनी डोळे मिटले. तिरप्या गाडीत तेल एका बाजूला जातं, काठीला लागतच नाही, हे त्यांनी मला कमी दाबाचा पट्टा न काढता एका वाक्यात सांगितलं.

"शनिवारचं माझं," नाना म्हणाले. "मारुतीचं झालं का हिचं. गाडी तेल गाळून राह्यली व्हती ना, म्हनून दोनाच्या चार पळ्या केल्या."

आम्ही सगळे वंदनाकडे वळलो.

"मी एक थेंबही घातलेला नाही हं," ती म्हणाली. मग टाइल्सकडे बघत, "खाली ताटली ठेवते, टाइल्स खराब होऊ नयेत म्हणून. सकाळी ताटलीतलं परत आत ओतते, एवढंच. इतकं महागाचं तेल, फेकून कसं द्यायचं?"

म्हणजे आम्ही तिघे तीन बाजूंनी गाडीला पाजत होतो, आणि ती बिचारी ओकत होती. धुळ्याच्या वाटेवर सगळं जास्तीचं तेल माझ्या पायावर टाकून ती मोकळी झाली, म्हणून तिथे शहाण्यासारखी वागली. मग मला नानांची शकीलभाईंच्या दुकानावरची ती चक्कर आठवली, आणि त्यानंतरचे ते फोन. पळ्या. तिरपी गाडी. ताटली.

"नाना," मी म्हणालो, "तुम्ही आबांच्या घरी..."

नाना फडक्याने टाकी पुसत होते. "मी मागितली का परत? त्याहिनंच दिली," ते म्हणाले, आणि पुन्हा गाडीशी बोलायला लागले. संगीताला यातलं किती ठाऊक होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायचं धाडसही नाही.

आता खरं सांगायची सोय राहिली नाही. सांगितलं तर गाडी पुन्हा धुळ्याला जाणार. आणि तिकडे आबांनी गावभर केलंय की जळगावच्या मास्तरांनी फोनवरून इंजिनाचा रोग ओळखला. विहिरीवरची मोटर, चुलतभावाचा ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, काहीही बिघडलं की मला फोन येतो आणि पलीकडून मशीनचा आवाज ऐकवला जातो. परवा तर आबांनी नवा कोरा फ्रिज ऐकवला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, देवाशपथ सांगतो, मला मशीनमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

आबा फोन कानाशी तसाच धरून घरातल्यांना म्हणाले, "देखा, इतला शिकेल माणूस, पन जराबी गर्व नही."

माझ्या आयुष्यातलं हे एकुलतं एक बिनचूक निदान, आणि तेवढंच कुणी मानायला तयार नाही.