प्रुडन्सचं शेवटचं पत्र

दुपारचं जेवण उरकून लव्हिनिया थॉर्प विस्तवाजवळच्या खुर्चीत टेकते. बाहेर मॅसॅच्युसेट्सचा बर्फ भुरभुरतोय. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तीस वर्षं ती गावोगाव भाषणं देत फिरली. आता एकाहत्तराव्या वर्षी दिवस दिवस तिच्याशी बोलायला कुणी नसतं. मांडीवर तिच्या जिवलग मैत्रिणीची, डॉक्टर प्रुडन्स हेलची पत्रं आहेत. प्रुडन्सला जाऊन दोन वर्षं झाली. आजारपणातल्या शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘जमलं तर येऊन जा.’ लव्हिनिया गेली नाही. उत्तरही पाठवलं नाही.

डोळे जड होतात. लाकडांची तडतड टाळ्यांसारखी ऐकू येऊ लागते. ती व्यासपीठावर उभी आहे. समोर शेकडो खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. फक्त पहिल्या रांगेत प्रुडन्स, औषधांची बॅग पायाशी ठेवून.

“बोल ना,” प्रुडन्स म्हणते.

“भाषण विसरले गं.”

“भाषण नकोच आहे मला.”

लव्हिनिया पायऱ्या उतरते ती थेट प्रुडन्सच्या स्वयंपाकघरात. चूल थंड. टेबलावर दोन कप, दोन्ही कोरडे.

“प्रू, ओहायोत सभा होत्या. एवढी एक झाली की निघते, असं रोज म्हणत होते.”

“ठाऊक आहे. पेपरात वाचायचे मी.”

“रागावली होतीस?”

“खूप. आणि रोज पोस्टमनची वाटही बघायचे.”

लव्हिनिया टेबलावरचे कोरडे कप उगाच सरळ करत राहते.

“वळ जरा,” प्रुडन्स म्हणते. “पाठीवरचं बटण उघडंच आहे तुझं.”

“हात पोचत नाही तिथवर. शाल घेते वरून. लावून द्यायला आहे कोण?”

गार बोटं मानेखाली टेकतात.

“माफ केलंस मला?”

“अजून नाही,” प्रुडन्स म्हणते. “पण आता तरी उत्तर लिही.”

लव्हिनिया जागी होते. विस्तव विझत आलाय, पत्रं जमिनीवर पसरलीत. ती हात पाठीमागे नेते. बोटं पोचत नाहीत. मग आरशाकडे पाठ करून, मान वळवून बघते.

बटण लागलेलं आहे.

संध्याकाळी झगा बदलायची वेळ होते. पण तो उतरवायचा तर ते बटण काढावं लागेल. ती तशीच बसून राहते.