बेसिंगस्टोकमधली अथेन्सची खंडणी

नागपूरची अक्षया पांढरीपांडे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आली ती एका सॉफ्टवेअर कंपनीच्या व्हिसावर. ती टेस्टर होती. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि सांगायच्या, एवढंच तिचं ऑफिसातलं बोलणं. नवरा अपूर्व घरून काम करायचा. त्याचा व्हिसा तिच्या व्हिसाला बांधलेला आणि तिचा कंपनीला.

दुपारी चारलाच अंधारून येणारे दिवस सुरू झाले की तिचा जीव कोंडायला लागायचा. म्हणून ती गावातल्या हौशी नाटक मंडळीत जाऊ लागली. वाटलं होतं, पडदे लावू, चहा करू. पण मंडळीची दिग्दर्शिका हॅनाह, शाळेत ग्रीक शिकवून निवृत्त झालेली सत्तरीची बाई, हिने अक्षयाला वाचायला बसवलं आणि थेट भूमिकाच दिली.

त्या वर्षी हॅनाहने जुन्या अथेन्सच्या धर्तीवर एक नवं प्रहसन रचलं होतं. पहिल्या तालमीला तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. इराणच्या बादशहापासून रक्षण करायचं म्हणून अथेन्सने समुद्रापलीकडची कितीतरी गावं एकत्र बांधली आणि त्याला नाव दिलं मैत्री. बघता बघता मैत्रीची खंडणी झाली. वसंतातल्या नाट्योत्सवात ती चांदी प्रेक्षकांसमोर मांडली जायची, आणि ती देणाऱ्या गावांचे दूत तिथेच बसून बघायचे.

"आणि त्याच जागी," हॅनाह म्हणाली, "विनोदी नाटकवाले आपल्याच पुढाऱ्यांची सालटी काढायचे. नाव घेऊन. पुढारी समोर बसलेला असताना."

अक्षया झाली होती एका छोट्या बेटाची दूत. दर प्रवेशात तिच्या पाठीवरचा खंडणीचा रांजण मोठा होत जायचा, आणि दरवेळी कमरेत आणखी वाकून ती म्हणायची, "अथेन्स आमचा मित्र आहे."

तालमी रंगात आल्या असताना ऑफिसात ज्ञानेश्वर घाटोळेंना कामावरून काढलं. ज्ञानेश्वर तिच्या टीममधले सगळ्यांत जुने. त्यांची मुलगी यमुना तिथल्या शाळेत रुळलेली, मैत्रिणी जमवलेली. नवी नोकरी मिळाली नाही तर दोनेक महिन्यांत देश सोडायचा. त्याच दुपारी मॅनेजर जोनाथनचा सगळ्यांना ईमेल आला: कठीण काळ आहे, पण आपण इथे नोकर नाही, पार्टनर आहोत.

संध्याकाळी तालमीत अक्षया रांजणाखाली वाकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अथेन्स आमचा पार्टनर आहे."

सगळे पोट धरून हसले. हॅनाहने लगेच पेन्सिल उचलली. "हेच राहू दे."

अडचण एवढीच होती की हॉलचं भाडं अक्षयाच्याच कंपनीने देणगी म्हणून दिलं होतं. पहिल्या प्रयोगाला जोनाथन पुढच्या रांगेत बसणार होता. आणि असल्या गोष्टी ऑफिसात पोचायला वेळ लागत नाही.

प्रयोगाच्या आधी दोन दिवस जोनाथनने तिला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार त्याने स्वतः लावलं.

"नाटक छान होतंय असं ऐकलं," तो म्हणाला. "काहीतरी पार्टनरचा जोक आहे म्हणे."

"हो, आहे."

"मला काही वाटत नाही त्याचं. पण ज्ञानेश्वरच्या जाण्याने टीम हळवी झालीय. लोक चुकीचा अर्थ काढतील." तो दाराकडे वळला. "तुझा व्हिसा वसंतात रिन्यू व्हायचाय ना?"

"एप्रिलमध्ये."

"सहज विचारलं," जोनाथन म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

घरी तिने हे सांगितल्यावर अपूर्वने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. "मग मित्र म्हण ना. मूळ शब्द तोच होता. एका शब्दापायी काय अडून राहिली तू?"

"एकच शब्द आहे, तर त्याला का टोचतोय?"

"त्याला टोचो नाहीतर न टोचो. उद्या सामान आपल्यालाच बांधायचंय."

त्याचं चुकत नव्हतं, आणि हेच तिला सलत होतं. दुसऱ्या दिवशी ती हॅनाहकडे गेली. हॅनाहने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तिथेही हे झालं होतं. परक्या दूतांसमोर नगराची नालस्ती केली म्हणून एका पुढाऱ्याने नाटककाराला नगरसभेपुढे खेचलं, अशी कथा आहे. पण हे ऐकून तू शूर व्हावंस असं मला वाटत नाही. मला पेन्शन आहे, अक्षया. मला कोणी कुठे पाठवणार नाही. तू म्हणशील तो शब्द ठेवू."

प्रयोगाला हॉल भरला. जोनाथन बायकोसोबत पुढे, ऑफिसातली मंडळी मागे, आणि अगदी कडेला ज्ञानेश्वर आणि यमुना. ते येतील असं अक्षयाला वाटलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात रांजण एवढा मोठा होता की तिला जमिनीखेरीज काही दिसेना. मित्र हा शब्द तिच्या जिभेवर येऊन टेकला होता. तिने मान वर केली, जोनाथनकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "अथेन्स आमचा पार्टनर आहे."

गावकरी खदखदून हसले. मागच्या रांगा मात्र गप्प. तिचे सहकारी जोनाथनच्या पाठीकडे बघत होते. त्याने मान वळवून मागे पाहिलं, मग मोठ्याने हसून टाळी वाजवली. त्यानंतर ते हसले. अक्षयाला ते हसू शांततेपेक्षा वाईट वाटलं. हसले नाहीत ते फक्त ज्ञानेश्वर. ते हात उंच धरून टाळ्या वाजवत राहिले.

मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर तिला सांगण्यात आलं की प्रोजेक्ट संपतोय आणि रिन्यूअल करता येणार नाही. नाटकाचं नाव कोणी काढलं नाही. त्याच महिन्यात जोनाथनला बढती मिळाली.

"अथेन्सच्या लोकांनीही तेच केलं," हॅनाह म्हणाली. "पुढाऱ्याची टिंगल करणाऱ्या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच पुढाऱ्याला सेनापती निवडलं."

"आणि नाटककार?"

"तो पुढचं नाटक लिहायला बसला."

पुढचे आठवडे वाईट गेले. अर्ज, नकार आणि रिकामं होत चाललेलं घर. 'मी सांगितलं होतं' हे अपूर्वने एकदाही म्हटलं नाही. व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात तिला नोकरी मिळाली.

तिथे पहिल्यांदा पाहुणे जेवायला आले, तेव्हा ही हकिकत सांगितली अपूर्वने. उशी पाठीवर घेऊन तो वाकला, मग खुर्चीत बसून जोनाथन झाला आणि एकदम गडगडाटी हसला. पाहुणेही हसले.

अक्षया भाताचं पातेलं घेऊन आली. "आधी त्याने मागे वळून पाहिलं," ती म्हणाली. "मग हसला. नीट कर."

अपूर्व पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याने मान वळवली.