थोरलीला लागलेला बोल

आमच्याकडं एखाद्यावर दोष ठेवला की 'बोल लावला' म्हणतात. शब्द एवढासाच, पण आमच्या घराची त्यानं पार माती केली.

एकोणीसशे पस्तीसच्या आसपासची गोष्ट. बारामतीजवळ कालव्याच्या पाण्यावर आमचा वांगी-मिरचीचा मळा होता. माझ्या वेळच्या बाळंतपणात आई गेली. थोरल्या बहिणीला आणि मला आबांनी एकट्यानं वाढवलं. ते शेजारणीकडून भाकरी थापायला शिकले आणि मग तिला शिकवलं. "सासरी माज्या पोरीला कुनी बोल लावता कामा नये," हा त्यांचा एकच घोषा. थोरली कामाला वाघीण निघाली. कळंबला दिली, तिथं सासूही खूश होती.

पण बायकांची काही बोलणी आईच्या मागं मागं फिरतानाच कानावर पडतात. करंडा रिकामा झाला तर 'कुंकू वाढलं' म्हणायचं, संपलं म्हणायचं नाही. आम्हाला हे सांगायला होतं कोण? थोरलीनं भरल्या घरात सरळ सांगितलं, "आत्याबाई, कुंकू संपलंय." सासू चरकली.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि दाजी गेले. मग तो बोल निघाला. हिच्याच तोंडानं गेला म्हणे. अरे, पटकीनं अर्धी आळी नेली, त्या सगळ्यांच्या बायका काय कुंकू संपलं म्हणाल्या होत्या? इतकी वर्षं झाली, तरी माझं डोकं फिरतं.

आबा गाडी जुंपून तिला आणायला गेले. मीही बरोबर होते. अंगणात त्यांनी डोक्याचा पटका काढून सासूपुढं ठेवला. "बोल लावायचा तर मला लावा. मलाच ठावं न्हवतं, तर पोरीला कुठनं शिकवू?" सासू रडत होती. तिचाही पोटचा गोळा गेला होता. पण बोल काही तिनं मागं घेतला नाही.

घरी आल्यावर थोरली कामाला लागली. आता तिला आम्ही दोघंच उरलो होतो, आणि आपल्या तोंडून काही वावगं निघालं तर आमच्यातलं एक जाईल, ही धास्ती तिनं घेतली. साधं तेल सरलं, तरी रिकामा बुधला घेऊन आबांसमोर उभी राहायची.

"आबा, ह्याला काय म्हनायचं असतं?"

आबांना कुठं माहीत होतं. तिच्या हातातला बुधला घेऊन ते खाली मान घालून दुकानाकडं चालू लागायचे.