फेटा बांधून होईपर्यंत

आमच्या भागात मैदानावर कुणी पडलं की त्याला आधी उभं करतात. काय झालं, कुठे लागलं, ही चौकशी नंतर. दोघं जण बगलेत हात घालतात आणि त्याला मैदानाच्या कडेने चालवतात. नाही चालवलं तर पाय गार पडतो आणि मग तो कायमचा आखडतो, अशी पक्की समजूत आहे. एक फेरी पुरी झाली की लोक टाळ्या वाजवतात आणि खेळाडू पुन्हा आत जातो. मी अंबडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पहिली कितीतरी वर्षं मीही पडलेल्यांना असंच फिरवलं. त्यातला एक जण आता परतूरला बसस्थानकाजवळ मोबाइलची कव्हरं विकतो आणि दुकानाच्या दोन पायऱ्या अंग तिरकं करून उतरतो. परतूरला गेलो की मी बाजारात दुसऱ्या रस्त्याने जातो.

दुखापतींच्या विद्येतले माझे पहिले गुरू म्हणजे आमच्याच तालुक्यातले एक हाड बसवणारे म्हातारे. निखळलेला खांदा हातात घेतला की ते खेळाडूला सासुरवाडीबद्दल विचारत आणि तो उत्तर जुळवत असतानाच झटका देत. पद्धत शास्त्रीय नव्हती, पण लक्ष दुसरीकडे नेण्याचं ते कसब मला पुढे कुठल्याच अभ्यासक्रमात दिसलं नाही. त्यानंतर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यातले निम्मे खेळाडू बर्फावर घसरून पडलेले होते. आमच्याकडे बर्फ रसवंतीत मिळतो. मी शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचून काढलं आणि तेव्हापासून माझी झोप थोडी बिघडली, कारण मी आजवर काय काय केलं होतं ते मला कळायला लागलं.

मग जालन्यात रविवारचा अभ्यासक्रम निघाला. खेळाडूंच्या दुखापतींची काळजी घेणारा माणूस तयार करायचा. तो डॉक्टर नाही, प्रशिक्षक नाही, मालिशवालाही नाही. त्या तिघांच्या मधे उभा असतो. परदेशात हा स्वतंत्र पेशा आहे, त्याची पदवी असते, परीक्षा असते, नोंदणी असते. आमच्या तालुक्यात त्याला 'बर्फवाले सर' म्हणतात. पन्नाशीला टेकलेला मी, माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बाकावर बसून सांगाड्याची हाडं पाठ करत होतो. सांगाड्याला डावा हात नव्हता. "डावा उजव्यासारखाच समजा," असं शिकवणारे म्हणाले, आणि आम्ही समजलो.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "जखमी खेळाडूला सोडून कधी जायचं?"

मी म्हणालो, "दुसऱ्या जाणत्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय कधीच नाही."

त्यांनी मान डोलावली. ते उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं, मला तसंच वाटत होतं. म्हणून पुढचं जास्त लागतं.

गेल्या हिवाळ्यात अंबडला मुलींच्या खो-खोची अंतिम लढत होती. सामन्यानंतर लगेच विभागाचा संघ निवडणार होते. मी नेहमीप्रमाणे रेषेबाहेर येरझारा घालत होतो. मला सामना बसून बघता येत नाही. अंकुशनगरहून आलेल्या संघात एक बारावीची मुलगी होती, खांबाजवळ अशी वळायची की पाठलाग करणारी हवेत हात मारत राहायची. तिचं गणित तिने मला आधीच सांगितलं होतं: विभाग, मग राज्य, मग राज्याच्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. वडील साखर कारखान्यात फिटर. घरात दुसरं गणित नव्हतं.

पहिला डाव संपता संपता ती खांबाजवळ वळली. पाऊल जमिनीत रुतून राहिलं आणि वरचं शरीर फिरलं. ती पडली तेव्हा ओरडली नाही. मी पोचलो तर म्हणाली, "सर, आत काहीतरी कट्कन वाजलं."

तिला उचलून कडेला नेलं, पाय लांब करून दप्तरावर ठेवला, रसवंतीतला बर्फ लावला. "हलायचं न्हाई बिलकुल," मी म्हणालो. आता गुडघा तपासणार, तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर माझ्या नावाचा पुकारा झाला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले होते आणि त्यांना लगेच निघायचं होतं. त्यामुळे जालन्याच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळवल्याबद्दल तालुक्याच्या भूषणाचा, म्हणजे माझा, सत्कार मध्यंतरातच उरकायचं ठरलं होतं.

तिचा प्रशिक्षक, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणाला, "जा सर, पाच मिनटं. मी हाये ना इथं."

मला कुणी ओढत नेलं नाही. मी हात पुसले आणि व्यासपीठावर गेलो. जाताना केसांवरून हातही फिरवला.

फेटा बांधणारा गृहस्थ कसबी होता आणि कसबी माणसाला घाई नसते. त्याने माझी हनुवटी धरून मान सरळ केली. मान वळवली की तो म्हणे, "हलू नका सर, पीळ बिघडतो." पाहुणे सांगत होते की लहानपणी तेही उत्तम कबड्डी खेळत; आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याचं लहानपण कबड्डीत गेलेलं असतं. मी डोळ्यांच्या कडेने मैदान बघत होतो. आधी प्रशिक्षक वाकला. मग तिचे वडील आले. मग दोघांनी तिच्या बगलेत हात घातले.

ती उभी राहिली. ते तिला चालवू लागले.

मी हात वर केला. लोकांना वाटलं मी अभिवादन करतोय, टाळ्या पडल्या. ती तिकडे पाऊल टाकत होती, आणि तिसऱ्या की चौथ्या पावलाला गुडघा तिच्याखालून सरकला, दार बिजागरीतून निसटावं तसा. वडिलांनी तिला सावरलं आणि पुन्हा चालवलं. मी खाली उतरलो तेव्हा फेटा अर्धाच झाला होता आणि त्याचं लांब टोक माझ्यामागे पायऱ्यांवरून येत होतं. पाहुण्यांच्या हातात माझं प्रमाणपत्र तसंच राहिलं.

"खाली बसवा तिला."

"अहो सर, चालून राह्यली ना ती," प्रशिक्षक म्हणाला. "एक फेरी झाली की मोकळी व्हईल. मंग तुम्ही पट्टी मारा फक्त. दुसऱ्या डावात शेवटी उतरवतो."

मी तिला आडवं केलं. गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आत एक दोर असतो. तो शाबूत असला की नडगी एका जागी खट्‌कन अडते. दुसऱ्या पायाची अडली. या पायाची अडली नाही, नुसती पुढे येत राहिली.

वडील माझ्या हातांकडे बघत होते. फिटर माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. "पट्टा गेला," ते म्हणाले.

"बहुतेक. आज खेळायचं न्हाई."

"सर, पाच मिनटं फक्त," मुलगी म्हणाली. "निवडवाले दुसऱ्या डावालाच बघतेत. घट्ट बांधा ना."

घट्ट बांधणं मला येतं. मी बांधून दिलं असतं तर ती पाच मिनिटं उभीही राहिली असती, आणि परतूरसारखा अंकुशनगरलाही मला दुसरा रस्ता शोधावा लागला असता. मी नाही म्हणालो. ती रडली नाही, तिने माझ्याकडे बघणं बंद केलं.

मी निवड समितीच्या टेबलाकडे गेलो आणि म्हणालो, दुखापत झालीय, तिचं नाव राखीव ठेवा, मी लेखी देतो. समितीतले गृहस्थ भले होते. त्यांनी माझ्या अर्ध्या फेट्याकडे बघून विचारलं, "तुम्ही डॉक्टर हायेत का?"

"नाही. आत्ताच सत्कार झाला तो माझाच."

"ते बराबर हाये सर. पण आम्हाला कागद डॉक्टरचाच लागतो."

म्हणजे जे प्रमाणपत्र घ्यायला मी तिला सोडून गेलो, ते तिच्या कामाचं नव्हतं.

डॉक्टर जालन्यात. सहकाऱ्याची गाडी घेतली, तिला मागच्या सीटवर आडवं केलं, पायाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावले. बांधायला लांब पट्टी पुरेना, तेव्हा मी डोक्यावरचं सोडलं. केशरी फेट्यात गुंडाळलेला पाय घेऊन आम्ही निघालो. पुढच्या सीटवरून वडिलांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, "सर, मी चालवलं म्हणून तुटलं का?"

मला माहीत नव्हतं. कट्कन आवाज आला तेव्हाच तुटलं असावं. पण गुडघा दुसऱ्यांदा सरकताना आत आणखी काय गेलं, ते कोण सांगणार. मी म्हणालो, "ती पडली तेव्हाच दोर तुटला. चालवायला मात्र नको होतं. मी तिच्यापाशी असतो तर चालवू दिलं नसतं. मी सत्काराला गेल्तो, ही चूक माझी."

त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

तपासणीत दोर तुटलेला निघाला, आणि दोन हाडांमधली एक गादीही फाटलेली. ती कधी फाटली, हे चित्रात दिसत नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. डॉक्टरचा कागद मिळाला तोवर संघ जाहीर झाला होता.

शस्त्रक्रिया झाल्यापासून ती सकाळच्या पहिल्या एसटीने आमच्या शाळेच्या मैदानावर येते. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलते, मी मोजतो. धावायला अजून काही महिने आहेत. ती रोज विचारते आणि मी रोज तेच सांगतो. प्रमाणपत्र कुणीतरी नंतर शाळेत आणून दिलं. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेत आहे.

परवा मोजता मोजता मला कार्यालयातून बोलावणं आलं. कुणी शाळेच्या तपासणीला आलं होतं, शिपाई म्हणाला, जल्दी या.

"जा सर," ती म्हणाली, "मी करते."

"किती झाले?"

"अकरा."

तिने पाय पुन्हा उचलला. "बारा," मी म्हणालो, आणि शिपायाला थांबायला सांगितलं.