ओवशाचे चार दिवस

जयमाला पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी तिनं दाराची कडी निरखून पाहिली. मी म्हटलं, "बसा, दार लावून घ्या, एसी चालू आहे." ती म्हणाली, "उघडंच असू दे ना मॅडम. प्लीज." बाहेर मे महिना होता. तो सगळा तास मी घाम पुसत बसले आणि मनात म्हटलं, ही बाई नाटकी दिसतेय. सत्तावीस वर्षं बेलापूरला वकिली करतेय, घटस्फोट, पोटगी, मुलांचे ताबे, दुसरं काही नाही. इतक्या वर्षांत माणसं ओळखता येतात असा माझा समज होता. तो या बाईनं मोडून काढला.

नाटकी नव्हती ती. तीन वर्षं नवरा तिला बाहेरून कुलूप लावून कामावर जायचा.

नवऱ्याचं नाव भगवान. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात सुपरवायझर. दारू नाही, मारहाण नाही, शिवीसुद्धा नाही. फक्त संशय. आधी तिचा फोन तपासायचा, मग भाजी आणायला किती मिनिटं लागली ते विचारायचा, आणि एक दिवस लोखंड बाजारातून हातभर लांब, जाड कडी आणि कुलूप घेऊन आला. "तुझ्याच सेफ्टीसाठी," म्हणाला. सकाळी मुलगी प्राची शाळेत गेली की तो कुलूप घालायचा, दुपारी जेवायला येताना मुलीला घेऊन यायचा आणि मग दोघींना मिळून कोंडायचा. समोरच्या फ्लॅटमधली सफिया, अलिबागकडची, नवऱ्याचं मसाल्याचं दुकान, ती ग्रिलमधून हिला कोथिंबीर द्यायची, दूध द्यायची, कधी नुसत्या गप्पा द्यायची. एकदा कढईतल्या तेलानं पेट घेतला आणि पडद्यापर्यंत ज्वाळा गेल्या. सफियानं वॉचमनला बोलावून कडी तोडून घेतली. त्या दिवशी जयमाला प्राचीचा हात धरून बाहेर पडली ती परत त्या घरात गेली नाही.

कोपरखैरण्यात तिनं एक खोली भाड्यानं घेतली, रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. आणि भगवान गेटवर येऊन उभा राहायला लागला. रोज. काही बोलत नाही, हात लावत नाही, नुसता उभा. पहिल्या घरमालकाला त्यानं सांगितलं, मी हिचा नवरा, आणि मालकानं त्याला खोलीची चावी देऊन टाकली. ती संध्याकाळी घरी आली तर हा पलंगावर बसून चहा पीत होता. पोलिसांना बोलावलं तर हवालदार म्हणाला, "नवरा आहे ना तुमचा? मग घरातलं घरात मिटवा." मी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली कोर्टाचा हुकूम आणला. तो हुकूम त्यानं तंतोतंत पाळला: दारात आला नाही, दारापासून ठरवून दिलेल्या अंतरावर उभा राहिला.

"मला पोटगी नको, मॅडम," ती म्हणायची. "मला तो कागद हवाय. कोणी विचारलं की दाखवायचा. म्हणायचं, हा माझा कोणी नाही."

एवढंच मागणं होतं तिचं. एक कागद. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मिळेल. केस चांगली होती हो! कुलूप होतं, तोडलेली कडी सफियानं जुन्या पिशवीत जपून ठेवली होती, वॉचमन साक्षीला तयार होता. अशी केस वर्षातून एखादी येते. छळाच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज टाकला आणि तारखा सुरू झाल्या.

आता माझी चूक सांगते. सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि माझ्याशिवाय ती सांगणार कोण?

जयमालाची सरतपासणी, म्हणजे तिची स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर द्यायची होती. आम्ही वकील काही प्रत्येक वेळी कोरा कागद घेऊन बसत नाही. कॉम्प्युटरवर जुनी प्रतिज्ञापत्रं असतात. नावं बदलायची, तारखा बदलायच्या, हकीकत घालायची. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: 'घर सोडल्यापासून आजतागायत मी सामनेवाल्याच्या घरी गेलेली नाही व आमच्यात कोणताही पती-पत्नीचा संबंध राहिलेला नाही.' ते वाक्य तसंच राहिलं. मी तिला सगळं वाचून दाखवलं. प्रत्येक परिच्छेदाला ती मान हलवत होती, त्यालाही हलवली. सही केली. मी विचारलंच नाही, की बाई, खरंच कधी गेली नाहीस ना?

कारण ती गेली होती. आदल्याच भाद्रपदात.

भगवानची आई गिरजाबाई, देवगडकडच्या गावात एकटी राहते. ऐंशीच्या घरातली, विधवा. सगळ्या सासरात जयमालाची बाजू घेणारी तेवढी एकच. कुलपाचं कळल्यावर तिनं मुलाला फोनवर चांगलं झोडपलं होतं. त्या वर्षी तिनं जयमालाला फोन केला, की गौरीच्या ओवशाला ये. ओवसा म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सोलापूरची, आमच्याकडे मुखवट्याच्या महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या होतात, झालं. कोकणात घरच्या सवाष्णीनं सुपात पानं, फळं, भाज्या, काकडी, नारळ भरून गौरीला ओवाळायचं, त्याला ओवसा म्हणतात. विधवेला तो करता येत नाही. गिरजाबाईच्या घरात सवाष्ण म्हणजे एकुलती एक सून. ती नाही गेली तर गौर तशीच परत जाणार. तीन वर्षं तशीच गेली होती, आणि गिरजाबाईला त्याचा घोर लागला होता.

म्हणून जयमाला गेली. चार दिवस. प्राचीला घेऊन. रात्री स्वयंपाकघरात सासूशेजारी चटईवर झोपली. भगवानही सणाला गावी आला होता, त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मात्र ओवसून झाल्यावर सूप घरच्यांपुढे धरायचं आणि नमस्कार करायचा असतो, तो तिनं केला. आधी सासूला, मग रीत म्हणून त्याला. भगवानच्या चुलतभावानं फोटो काढला.

तो फोटो दीड वर्षानं कोर्टात आला.

समोरचे वकील नेमके कुडाळचे. माझ्यासारखी सोलापूरकर असती तर तिला फोटोत नुसतं सूप दिसलं असतं. त्यांना सगळं दिसलं.

"हे तुम्हीच ना?" त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"हो."

"हातात काय आहे?"

"सूप. ओवशाचं."

"ओवसा कशासाठी करतात, कोर्टाला सांगाल?"

जयमालानं माझ्याकडे पाहिलं. मी फोटोकडे पाहत होते.

"सौभाग्यासाठी," ती म्हणाली.

"म्हणजे पतीच्या आयुष्यासाठी. आणि हे वाकून तुम्ही कोणाला नमस्कार करताय?"

"मिस्टरांना."

"किती दिवस राहिलात?"

"चार."

"आणि इथे शपथेवर लिहिलंय, त्यांच्या घरी कधी गेलेच नाही."

"मी त्यांच्याकडे नव्हते गेले, साहेब," जयमाला म्हणाली. "मी गौरीकडे गेले होते."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश नाही हसले, त्यांनी फक्त लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. भर व्हरांड्यात, माणसं बघत असताना. "अगं, सांगायचं नाहीस मला? एवढी मोठी गोष्ट!" ती थंडपणे म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं ना मॅडम. मला वाटलं तुम्ही त्याच्या घराचं विचारताय. ते घर कळंबोलीचं. गावचं घर सासूबाईंचं." आणि पुढे म्हणाली, "तुमच्याकडे नाही का करत ओवसा?" मला रडू आलं. रागानं आलं की कशानं, ते आजही सांगता येत नाही.

एकच वाट उरली होती. ते चार दिवस ती सासूशेजारी झोपली, नवऱ्याशी बोलली नाही, हे सांगू शकेल असं माणूस एकच. मी जयमालाला घेऊन देवगडला गेले. गिरजाबाईनं आम्हाला सोलकढी दिली, फणसाचे गरे दिले, प्राचीची चौकशी केली. माझं म्हणणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जयमालाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाय माझे, तू माझ्याकडेच निजलंस, ह्या देवाक ठावक आसा. पण माका कोर्टात नको न्हेव गो. तो माझो पोटचो झील. शेवटचा पाणी तोच घालतलो माका."

मी वाद घालायला तोंड उघडलं. जयमालानं माझा हात दाबला. "राहू दे मॅडम." मला त्या म्हातारीचा संताप आला होता. तिला आला नव्हता, आणि त्याचाही मला संताप येत होता.

निकाल यंदा जुलैत लागला. सफियाची साक्ष कोर्टानं उचलून धरली. बुरखा सावरत, न घाबरता तिनं सांगितलं होतं, "तीन साल आमी ग्रिलमधून बोलायचो साहेब. तो लॉक मी माज्या डोळ्यानं बघितलाय. खोटं कशाला बोलू?" कुलूप होतं, कोंडणं होतं, छळ होता, हे सगळं निकालपत्रात मान्य केलं आहे. आणि पुढच्याच पानावर लिहिलं आहे, की अर्जदार स्वेच्छेने पतीच्या घरी जाऊन राहिली, त्याच्या आयुष्यासाठी व्रत केले, त्याला नमस्कार केला, सबब तिने झाल्या छळाला माफी दिली असे दिसते. शिवाय याबाबत शपथेवर खोटे विधान केले. अर्ज नामंजूर.

ते खोटं विधान माझं होतं. माझ्या कॉम्प्युटरमधलं. निकालपत्रात नाव मात्र तिचं आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भगवान कारखान्याच्या गेटवर आला. हातात निकालाची झेरॉक्स. इतकी वर्षं जो कागद तिला हवा होता, तसाच एक कागद त्याला मिळाला होता. गेटवरच्या वॉचमनला दाखवून म्हणाला, "बघ, कोर्टानं सांगितलंय. बायको आहे माझी." वॉचमननं त्याला आत खुर्ची दिली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जयमाला ऑफिसात आली. मी तिची फाईल काढूनच बसले होते. हायकोर्टात अपील करायचं, माझ्या खर्चानं करायचं, एक चांगली सीनियर बघून ठेवली होती, मुदत अजून बाकी होती. हे सगळं मी तिला एका दमात सांगितलं. चूक माझी होती हे अपिलातच लिहून देईन, असंही सांगितलं.

"किती वर्षं लागतील?" तिनं विचारलं.

"पाच. सहा."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. प्राचीचं वय असावं, किंवा स्वतःचं. मग म्हणाली, "सासूबाईंचा फोन आलेला. यंदा पण बोलावलंय ओवशाला. त्यांच्यानं आता उठवत नाही. म्हणाल्या, हा शेवटचा."

मला वाटलं मी ओरडेन. पण मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, लाज नाही, हट्टही नाही. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसत होती, आणि माझं तोंड बंद करणारं असं काही मी तिच्यात कधी पाहिलं नव्हतं.

"अपील करायचं असेल," मी सावकाश म्हटलं, "तर नाही जायचं. गेलीस तर संपलं सगळं. तो परत फोटो काढेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर जा. कोण अडवणार?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये दुसरी एक बाई कागदांची पिशवी घेऊन ताटकळत होती. जयमालानं फाईल माझ्याकडे सरकवली, जशी आपल्याला नको असलेली ताटली माणूस सरकवतो. उठली. दार उघडंच होतं. त्यात उभी राहून तिनं मागे वळून विचारलं, अगदी साधेपणानं, शिकलेला धडा नीट लक्षात ठेवणाऱ्या मुलीसारखं:

"मॅडम, जाण्याआधी काही लिहून नेऊ का? की मी सासूबाईंजवळच झोपणार म्हणून. शंभराच्या स्टॅम्पवर? तुमच्याकडे असेल ना तसं तयार?"

माझ्या कॉम्प्युटरवर चौदाशे मसुदे आहेत. तिला द्यायला एकही नव्हता.