मावशीनं राखलेली माय

माझी माय गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता. पावसाळा सरता सरता तिला ताप भरला, गावातल्या वैद्यानं काढे दिले, आणि ज्वारीची पेरणी सुरू व्हायच्या आधीच ती गेली. एवढं मला सरळ आठवतं. बाकीचं सगळं तुटक. तिच्या लुगड्याला येणारा मेंढरांचा वास. केस विंचरताना मी हलले की डोक्यावर बसणारी टपली. ती टपली लागायची नाही, म्हणून मी मुद्दाम हलायची.

आमचं घर कुंभार पिंपळगावच्या शिवारात. आजोबांच्या काळापर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन गोदेच्या काठानं फिरायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोडी मेंढरं ठेवली आणि बाकी जन्म ज्वारी-कापसात घातला. माय गेल्यावर आबांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडे येऊन राहिली. ती कष्टाळू होती, पण वय झालेलं. तान्हं पोर सांभाळणं तिला झेपेना. वर्ष व्हायच्या आतच तिनं आबांचं दुसरं लग्न जमवलं. आबा त्या लग्नात असे उभे होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आलेत.

नवी आई परतुराकडची. तिचे आईवडील प्लेगात गेले होते आणि चुलत्यानं तिला वाढवलं होतं. वयानं ती माझ्याहून फार मोठी नव्हती. पदर सावरायचीही तिला सवय नव्हती. आत्या मला म्हणाली, "हिला माय म्हण." मी आत्याच्या पदराआड लपले. तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या वन्सं. माय एकच असती. मला मावशी म्हणू द्या." तेव्हापासून ती माझी मावशी.

आमच्यात रीत होती. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात बांधायचा. टाक म्हणजे चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. गेलेल्या बाईनं नव्या संसारात विघ्न आणू नये, म्हणून ही तजवीज. बहुतेक बाया तो पदराखाली लपवत. कुणाला तो गळ्यात असल्याची भीती वाटे, कुणाला लाज. मावशीला दोन्ही वाटत नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की ती तो धुवायची, हळदकुंकू लावायची आणि चुलीपुढं बसून त्याच्याशी बोलायची. "अक्का, लहान्याला दात येऊन राह्यले. रात्रभर किरकिरला." किंवा, "अक्का, आज कापूस वेचायला चालले, घरावर ध्यान राहू द्या." मी दाराशी उभी राहून ऐकायची. माझ्या मायशी बोलणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आबा तर तिचं नावही काढत नसत.

भावाचं जावळ काढायची वेळ आली तेव्हा घरात अडचण उभी राहिली. पहिले केस उतरवताना पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. मामा होता आष्टीला, मायचा सख्खा पाठचा भाऊ. पण बहिणीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत घरात दुसरी आणली, म्हणून तो आबांवर रुसला होता. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असं त्यानं बाजारात चारचौघांत सांगितलं होतं.

आत्या म्हणाली, "गावातल्या कुणाच्याबी मांडीवर बसवू. केस काय, कुठंबी निघतेत."

मावशी भाकरी थापत होती. थापता थापताच ती म्हणाली, "मामा जिता हाय ना त्याचा? मंग दुसऱ्याची मांडी कशाला?"

"तो यायचा न्हाई," आबा म्हणाले. "मी दोन बार माणूस धाडला. बिलकुल न्हाई म्हणला."

"माणूस धाडला, पण घरचं कुणी गेल्तं का?" मावशीनं विचारलं. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "मी जाते."

आबांनी नको म्हटलं, आत्यानं तर कपाळावर हात मारला. पण तिनं ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्याची बैलगाडी आष्टीकडे निघाली होती, तिच्यात ती आम्हां दोघांना घेऊन बसली. धपाटे बांधून घेतले होते. वाटेत ती कितीदा तरी मला विचारत राहिली. "मामाला काय म्हणतेस तू? मामी कशी हाय? रागीट हाय का?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण भावाला धरलेले हात मात्र घट्ट होते. तिला भीती वाटत होती, हे मला आता समजतं.

मामा अंगणात बसून वाखाचा दोर वळत होता. मला पाहिल्याबरोबर दोर टाकून तो उठला, त्यानं मला उचलून घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. मग त्यानं भावाला पाहिलं. भाऊ दिसायला मायवर गेला होता. मामानं हात पुढं केला, आणि त्याच वेळी त्याची नजर मावशीकडे गेली. हात तसाच खाली आला. "पोरांना आत ने," तो मामीला म्हणाला. मावशीला 'ये' म्हटलं नाही.

मावशी अंगणातच उभी राहिली, मी दारातून बघत होते. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण मावशीनं तो घेतला नाही. पदराखालून टाक बाहेर काढून तिनं तळहातावर ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मी एकलीच न्हाई आले. अक्काला माहेराला घेऊन आले. तिला तरी घरात घ्या. माझं काय, मी गाडीत बसते."

मामा टाकाकडे बघत राहिला. मग खांद्यावर घोंगडी टाकून शेताकडे चालता झाला.

मला वाटलं, आता सगळं संपलं. पण मामी पुढं आली. तिनं मावशीचा हात धरला, "चल आत," म्हणाली, आणि उंबऱ्याशी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, माहेरी आलेल्या लेकीवरून टाकतात तसा. मावशीला आईवडील नव्हते. आयुष्यात तिच्यावरून कुणी तुकडा ओवाळला नव्हता. इतका वेळ ताठ उभी राहिलेली ती बाई तिथं मात्र ढासळली. मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती एवढी रडली, की मलाच तिची समजूत घालावी लागली.

मामा दिवस मावळताना परतला. हातपाय धुतले, जेवायला बसला. मावशी वाढत होती. तिनं वाढलेली भाकरी त्यानं मोडली आणि मान वर न करताच विचारलं, "जावळ कवा हाय?"

"तुम्ही म्हणाल तवा, दादा."

"बिस्तरवारी येतो," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "जल्दी निघू नका. दोन दिस राहा. तिला चोळी-बांगडी केल्याबिगर कसं धाडावं?" तो कुणाविषयी बोलत होता, गेलेल्या बहिणीविषयी की समोर उभ्या असलेल्या मावशीविषयी, हे कुणीच विचारलं नाही. निघताना मामीनं दोन खण दिले. एक टाकापुढं ठेवला, एक मावशीच्या ओटीत घातला.

त्या गुरुवारी मामा खरंच आला. पांढरा फेटा, नवं धोतर. भाऊ त्याच्या मांडीवर बसला आणि न्हाव्याचा हात लागताच असा भोकाड पसरून रडला, की त्या झटापटीत मामाची मिशी त्याच्या मुठीत आली. मामा ओरडतोय, भाऊ सोडत नाही, न्हावी हसू दाबतोय. ओट्यावर बसलेले आबा मोठ्यानं हसले. माय गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आष्टी हे मावशीचं माहेर झालं. नागपंचमीला तिला माहेरी न्यायला मूळ यायचं, दिवाळीला भाऊबीज यायची. आणि दर खेपेला ती तिथून काहीतरी शिकून यायची. मायविषयी मामीला विचारायची, शेजारणींना विचारायची, विहिरीवर भेटणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायची. परत आली की रात्रीची भाकर खाताना आम्हांला सांगायची. "तुमची माय लहानपणी झाडावर चढायची म्हणे. मामा खाली उभा राहून रडायचा." "तुमच्या मायला कारळाची चटणी लागायची, लसूण जास्त घातलेली." मग दुसऱ्या दिवशी ताटात तशीच चटणी यायची.

भावाला मायचा चेहरासुद्धा ठाऊक नव्हता. तरी तो आपल्या सोबत्यांना तिच्या गोष्टी अशा सांगायचा, जणू कालच पाहिल्यात. माझ्याही आठवणी वर्षांगणिक विरत गेल्या. आज माझ्यापाशी माय म्हणून जे काही आहे, त्यातलं बरंचसं मावशीनं आणून दिलेलं आहे. जिनं तिला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिनं. हा विचार मनात आला की अजूनही मी हातातलं काम बाजूला ठेवते.

माझं लग्न ठरलं ते अंबडजवळच्या एका गावात. हळदीच्या दिवशी बाया जमल्या. पहिली हळद कुणी लावायची, यावर आत्या आणि शेजारणी कुजबुजू लागल्या. सावत्र आईनं पहिली हळद लावू नये, असं एकीचं म्हणणं. लावली नाही तर दिसायला बरं नाही, असं दुसरीचं. मावशीनं कुणाचं ऐकून घेतलं नाही. पाटावर तांदळाची रास केली, गळ्यातला टाक सोडून तिच्यावर ठेवला. माझा हात धरून माझंच बोट हळदीत बुडवलं आणि त्या बोटानं आधी टाकाला हळद लावली. मग तीच हळद माझ्या गालाला.

"लेकीला मायनंच लावली पयली," ती बायांना म्हणाली. "आता या एकेक."

आत्या डोळे पुसत सगळ्यांत आधी पुढं झाली. मंगलाष्टकांच्या वेळी मामा माझ्या पाठीशी उभा होता, आणि कन्यादानाला आबांच्या शेजारी मावशी बसली. पाणी सोडताना आबा तिच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तुझे लई उपकार हायेत." मावशी एकदम लाजली. "माणसं बघून राह्यलेत," एवढंच म्हणाली.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, त्या साली मुलखात सगळीकडे धामधूम होती. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. कुठल्या गावात काय झालं याच्या बातम्या रोज यायच्या, आणि संध्याकाळनंतर कुणी रस्त्याला लागत नसे. कितीतरी लोक घरं सोडून सरहद्दीपलीकडे गेले होते. मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं करायचं, पण आष्टीहून मामा येणं शक्य नव्हतं. बाळ बघायला येऊन आमच्याकडेच अडकलेल्या माझ्या सासूला मावशी म्हणाली, "विहीणबाई, पोरीचं नाव थोडं थांबवलं तर चालंल का? मामाआजा आल्याबिगर पाळणा कसा बांधावा?"

माझी सासू मोठ्या मनाची. ती म्हणाली, "थांबवा की. आन् नावबी तुमच्याकडचंच ठेवा. हिच्या मायचं ठेवा."

मावशीनं उठून माझ्या सासूच्या ओटीत नारळ घातला आणि तिच्या पाया पडली.

तोवर माझी लेक बिननावाचीच राहिली. कुणी छकुली म्हणे, कुणी बाळी. दसऱ्याच्या सुमारास मुलूख निवला, गाड्या पुन्हा चालू लागल्या, आणि एका दुपारी मामा-मामी दारात उतरले. मामा खूप वाळला होता. त्या दिवसांत तो रानात लपून राहिला होता, हे आम्हांला नंतर समजलं. पण काखेतल्या गाठोड्यात पोरीसाठी झबलं-टोपडं होतंच.

दुसऱ्या दिवशी पाळणा बांधला. माझ्या नणंदेनं पोरीच्या कानात नाव सांगितलं. मायचं नाव त्या घरात इतक्या वर्षांनी मोठ्यानं घेतलं गेलं. आबांनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि ते नाव आपल्याशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझं बाळंतिणीचं अंग अजून अशक्त होतं, तरी मी उठून त्यांच्यापाशी जाऊन बसले.

मग पंगत बसली. पुरणपोळी होती, आमटी होती. मावशी नेहमीसारखी वाढण्यात गुंतलेली, कुणाला तूप, कुणाला भात. सगळ्यांच्या पानात पडलं तरी मामानं घास उचलला नाही.

"दादा, थांबलात का?" तिनं विचारलं.

"तुझं पान कुठं हाय?"

"मी मागून बसते की. बाया मागूनच बसतेत."

"ते तुझ्या घरच्या बायांचं झालं," मामा म्हणाला. "तू माझी बहीण हायेस. तू बसल्याबिगर मी खायचा न्हाई. बस इथं."

मावशीनं आबांकडे पाहिलं. आबा बाजूला सरकले आणि त्यांनी आपल्या नि मामाच्या मधे जागा केली. मामीनं पान मांडलं. मावशी अंग चोरून बसली, पदर पुढं ओढला, आणि मामानं तिच्या पानात स्वतःच्या हातानं पोळी वाढली. मग सगळे जेवू लागले.